दोन टक्क्यांचे देणे

दलाल ह्या शब्दाची आपल्या भाषेत फार परवड झाली आहे. मूळ अरबी शब्द पाहिला, तर वाट दाखवणारा, वस्तू कोठे आहे ते दाखवून देणारा, एवढाच त्याचा अर्थ. त्यात निंदा कोठेच नाही. पण आपल्याकडे वकील फी घेतो, डॉक्टर फी घेतो, भटजी दक्षिणा घेतात, आणि दलाल मात्र दलाली 'खातो'. ह्या एका क्रियापदात आपला सारा निवाडा येऊन गेला आहे. ज्याने काही पिकवले नाही, घडवले नाही, बांधले नाही, तो मध्ये बसून खातो! मीही आयुष्याची पन्नासपंचावन्न वर्षे हाच हिशेब खरा मानीत आलो होतो. पुढे एकदा दलालाचे देणे द्यायचे की नाही, हा प्रश्न माझ्याच दारात येऊन उभा राहिला, आणि ह्या व्यवहारात खाणारा नेमका कोण, याची मला पहिल्यांदाच शंका आली.

गोष्ट २०१८ सालची. आदल्या वर्षी आई गेली. कोथरूडातले तिचे दोन खोल्यांचे घर माझ्या आणि धाकट्या बहिणीच्या वाट्याला आले. बहीण नागपूरला, मी दुसऱ्या उपनगरात. घर ठेवून उपयोग नव्हता आणि विकवत नव्हते, अशा मनःस्थितीत सहा महिने गेले. शेवटी विकायचे ठरले. इमारत १९८७ सालची, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. माझ्या साऱ्या तत्त्वचिंतनाचा पाया तो जिना आहे.

कोणीतरी एक एजंट सुचवला. हल्ली दलालाला आपण तोंडावर दलाल म्हणत नाही, एजंट म्हणतो. चाळिशीचा गृहस्थ, स्कूटर, खिशात दोन फोन आणि हातात तुळशीबागेतल्या बांगडीवाल्याने मिरवावा तसा किल्ल्यांचा जुडगा. त्याने घर पाहिले. न्हाणीघराच्या भिंतीवरची ओल बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, रंग देऊ नका. रंग दिला की लोकांना संशय येतो. ओल दुरुस्त करा आणि भिंत तशीच ठेवा." मी मनात धरलेला आकडा चोपन्न लाखांचा होता. तो म्हणाला, "साठाच्या खाली बोलूच नका." आईने सोसायटीत माझे नाव नॉमिनी म्हणून लावले होते, म्हणून मी स्वतःला मालक समजत होतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ताईंचीही सही लागेल, हे मला त्यानेच सांगितले. मग म्हणाला, "व्यवहार झाला की दोन टक्के. झाला नाही तर काही नाही." मी हो म्हटले. जाता जाता दारात थांबून तो म्हणाला, "आणि तीन महिने दुसऱ्या कोणाकडे देऊ नका, साहेब." त्यावर मी हसून म्हणालो, "बघू या."

कागदावर काही नव्हते. हे दोन शब्द होते.

पुढच्या दोन महिन्यांत त्याने चौदा पार्ट्या आणल्या. मी ह्या मोजल्या, कारण प्रत्येक वेळी दार उघडायला मलाच जावे लागे. नंतर नंतर मी त्याला एक किल्ली देऊन टाकली. कोणाला जिना नको होता, कोणाला पश्चिमेचे ऊन नको होते. एक आजोबा आले, ते घर न पाहता देव्हाऱ्याच्या कोनाड्याकडेच पाहत बसले आणि डोळे पुसून गेले. आकडे मात्र वर चढत होते. सत्तावन्न, एकोणसाठ, मग एकाने साडेसाठ म्हटले आणि बँकेने कर्ज नाकारल्यावर तो दिसेनासा झाला.

अशात एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू आपल्या भाच्याला घेऊन आल्या. मुलगा चांगला, चिंचवडला नोकरीला. घर त्याला लहानपणापासून माहीत होते. आईच्या हातचे थालीपीठ त्याने तेथे खाल्ले होते. "मध्ये कोणी नको, काका," तो म्हणाला. "तुमचेही दोन टक्के वाचतील, माझेही." मी त्रेसष्ट म्हटले, तो एकसष्ट म्हणाला, बासष्टावर चहा झाला. बासष्ट लाखांचे दोन टक्के म्हणजे एक लाख चोवीस हजार. तेवढे माझे वाचणार होते, तेवढेच त्याचे. इतक्या सोज्ज्वळपणे दोन लाख अठ्ठेचाळीस हजार रुपये एका माणसाच्या खिशातून गेले की आम्हा तिघांपैकी कोणाच्याही चहात साखर कमी पडली नाही.

आता माझा प्रश्न. मी एजंटाचे काही लागत होतो का?

माझे एक वकील स्नेही आहेत. त्यांच्याकडे गेलो, ते खरे तर 'नाही' हे उत्तर ऐकायलाच. त्यांनी १८७२ सालचा करार कायदा काढला. त्याचे कलम २१९ सांगते की वेगळे काही ठरले नसेल, तर काम पुरे झाल्याखेरीज प्रतिनिधीचा मोबदला देय होत नाही. "त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाशी तुझा व्यवहार झाला का?" त्यांनी विचारले. मी नाही म्हटले. "मग संपले." ते पुस्तक मिटणार, तोच मी म्हणालो, की एवढे कष्ट त्याने केले त्याचे काही नाही का? त्यांनी कलम ७० दाखवले. फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने आपल्यासाठी काही केले आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई करावी, अशा आशयाचे ते कलम आहे. "पण ह्यावर तो भांडत बसणार नाही, आणि बसला तरी टिकेल असे नाही." २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदलेल्या प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली आहे, पण आमच्या जुन्या इमारतीपर्यंत तो कायदा पोचत नव्हता.

वकील मंडळींना एकदा बोलते केले की थांबवणे कठीण. स्नेह्यांनी मला विलायतेतला एक खटला ऐकवला. तो १९४१ सालच्या निकालसंग्रहात छापलेला आहे. ईस्टबोर्न आणि हेस्टिंग्ज येथली चित्रपटगृहे विकायची होती. निदान एक लाख पंचाऐंशी हजार पौंड देणारा खरेदीदार आणलास तर दहा हजार पौंड देऊ, असे मालक कंपन्यांनी एका मध्यस्थाला कबूल केले. त्याने खरेदीदार आणला, तो पैसे द्यायला तयारही होता. पण कंपन्यांनी त्याला विकलेच नाही. मध्यस्थ भांडत भांडत उमरावांच्या सभेपर्यंत गेला आणि तेथे हरला. विक्री झाली तरच पैसे, असे ठरले असेल, तर विकायचे की नाही हा मालकाचा अधिकार; मध्यस्थाने ती जोखीम पत्करलेलीच असते. एका न्यायमूर्तींनी तर असेही बोलून दाखवले, की आठनऊ दिवसांच्या कामाला लॉर्ड चॅन्सेलरच्या वर्षाच्या पगाराएवढा मोबदला ठरलेला असताना, त्यासाठी थोडी जोखीम घ्यायला काय हरकत आहे? ह्या वाक्यातही मला 'खाण्या'चाच वास आला. न्यायमूर्तीसुद्धा शेवटी मध्यमवर्गीयच!

त्याच देशात पुढे १९९१ साली नियम झाले. घर विकायला देताना मालकाला काही शब्दांचे अर्थ लेखी समजावून सांगावे लागतात. एका प्रकारच्या करारात मध्यस्थ एकटाच नेमलेला असतो, पण मालकाने स्वतः खासगी गिऱ्हाईक शोधले तर दलाली लागत नाही. दुसऱ्या प्रकारात विकण्याचा हक्कच मध्यस्थाचा असतो; मुदतीत मालकाने सख्ख्या मावसभावाला घर विकले तरी दलाली द्यावी लागते. म्हणजे निदान सही करताना माणसाला कळते की आपण कोठे सही करतो आहो. आमचा करार ह्या दोन्हींत बसत नव्हता. तो 'बघू या' जातीचा करार होता. ह्या जातीचे करार आपल्या देशात असंख्य होतात, आणि त्यांची खुबी अशी की दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा अर्थ घेऊन समाधानाने घरी जातात.

मला ह्या संदर्भात माझे मामा आठवतात. ते शेतकरी. बैल विकायला बाजारात नेत, तेव्हा सौदा हेडी करून देई. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरे. उभ्या असलेल्या दहा माणसांना काही कळत नसे. एकदा असे झाले, की हेडीने दिवसभर बैल दाखवला, सौदा काही जमला नाही, आणि परतताना वाटेतच शेजारच्या गावच्या ओळखीच्या माणसाने तो बैल घेतला. पुढच्या बाजारी मामांनी हेडीच्या हातावर पाच रुपये ठेवले. मामी महिनाभर बोलत होत्या. मला तेव्हा मामा फार उदार वाटले. आज वाटते, ते उदार असतीलही, पण शहाणेही होते. पुन्हा बैल विकायचा होता, पुन्हा त्याच बाजारात जायचे होते, आणि तोच हेडी तेथे रुमाल घेऊन उभा असणार होता. गावात देणे माणसाच्या तोंडावर लिहिलेले असते. मी मात्र जन्मात एकदा घर विकत होतो. त्या एजंटाचे तोंड मला पुन्हा पाहावे लागणार नव्हते. म्हणजे शहाणपणाने मला सूट दिली होती, कायद्याने सूट दिली होती, आणि आता जे काय उरले होते ते निव्वळ माझे होते. अशा वेळी माणसाची फार पंचाईत होते.

आणि येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. भाच्याशी व्यवहार ठरला त्या दिवशी मी एजंटाला सांगितले नाही. भाच्याचे कर्ज मंजूर व्हायचे होते. समजा, नाही झाले तर? म्हणून मी नऊ दिवस गप्प राहिलो. त्या नऊ दिवसांत त्याने आणखी दोन पार्ट्या आणल्या. एकदा तर त्यांच्याबरोबर गुडघे दुखणाऱ्या सासूबाई होत्या. तीन मजले चढवून तो त्यांना घर दाखवत होता, पश्चिमेचे ऊन हिवाळ्यात किती बरे असते ते सांगत होता, आणि विकलेल्या घरात मी यजमानासारखा त्यांना पाणी देत होतो.

कर्ज मंजूर झाल्यावर मी त्याला फोन केला. "घरगुतीच जमलं," म्हणालो. तो क्षणभर थांबला. "बरं झालं, साहेब," एवढेच म्हणाला. मी उगाचच त्याला म्हटले, की तुमची मेहनत वाया गेली. "चालायचंच. बारा घरं फिरावी तेव्हा एक होतं," तो म्हणाला.

ह्या बारा घरांनी मला पुष्कळ छळले. डॉक्टर रोगी दगावला तरी फी घेतो. वकील खटला हरला तरी घेतो. दस्त नोंदताना सरकारने जे मुद्रांक शुल्क घेतले, ते भाच्याकडून लाखांनी घेतले, आणि सरकार तर एकदाही जिना चढले नव्हते! एकटा दलालच असा, की काम झाले तरच घेतो. म्हणजे माझे एक लाख चोवीस हजार हे माझ्या घराच्या चौदा खेपांचे नव्हतेच; त्यात दुसऱ्या अकरा घरांचे जिनेही होते. ह्याचा एक अर्थ असा, की मी का द्यावे? दुसऱ्यांच्या जिन्यांशी माझा काय संबंध? पण त्याच युक्तिवादाची दुसरी बाजूही होती. माझे चौदा जिने कोणीतरी दुसराच माणूस, पौडरस्त्याला नाहीतर बावधनला घर विकणारा, भरणार होता. त्याला हे माहीतही नसणार. दलालाने खाल्ले असे तो म्हणेल. खाल्ले मात्र मी.

तरीही मी स्वस्थ बसलो असतो. माणूस अशा विचारांवर उठून पैसे देत नाही. दस्त झाल्यावर काकूंकडे पेढे द्यायला गेलो, आणि त्या सहज बोलून गेल्या, "अहो, तुम्ही विकताय हे मला कुठं ठाऊक होतं! जिन्यात रोज नवी माणसं. शेवटी त्या एजंटालाच धरलं. तो म्हणाला, साठाच्या पुढं जाईल, वाजवी आहे. त्याच रात्री ह्याला फोन केला."

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. विलायती कायद्यात असा प्रश्न विचारतात, की विक्रीला परिणामकारक कारण कोण झाले? मी स्वतःला सांगत होतो, काकू. आणि काकूंचे कारण? मीही साठाच्या पुढे बोललो ते कोणाच्या जिवावर? मी एकटा असतो तर चोपन्नाला दिले असते आणि देव पावला म्हटले असते. त्याने माझ्यासाठी गिऱ्हाईक आणले नाही हे खरे. त्याने माझ्या घराची किंमत मला आणून दिली होती, आणि ती घेऊन मी मागच्या दाराने निघून आलो होतो.

नागपूरला फोन केला. बहिणीने सगळे ऐकून घेतले. तिच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी भरायची होती, हे मला ठाऊक होते. ती म्हणाली, "दादा, शब्द तू दिलास. मी नाही. मी त्या माणसाला पाहिलंही नाही. तुला द्यायचं असेल तर तुझ्या वाट्यातनं दे." मला प्रथम राग आला. नंतर कळले की ती बरोबर बोलते आहे; दुसऱ्याच्या पैशावर सद्गुणी होणे फार सोपे.

मग मी एक मध्यममार्ग काढला. माझ्या वाट्यापुरते, म्हणजे निम्मे, बासष्ट हजार द्यावेत. चेक पाकिटात घालून त्याच्या कचेरीत गेलो. कचेरी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मांडलेले एक टेबल. त्याने पाकीट उघडून आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि चेक पुन्हा पाकिटात घातला.

"हे कशाचे, साहेब?"

मी काहीतरी म्हणालो. मेहनतीचे, आठवण म्हणून.

"दलाली असेल तर एक लाख चोवीस होतात. पावती देतो. दलाली होत नसेल तर हे एवढे कशाला? बक्षीस मी घेत नाही."

रागावून नव्हे, अगदी साध्या आवाजात. मी पाकीट घेऊन परत आलो. वाटेत पहिल्यांदा सुटकेचा आनंद झाला. आपण देऊ केले, त्याने घेतले नाही, आता आपण मोकळे! पण पौडफाट्यापर्यंतही तो आनंद टिकला नाही. मी निम्मे का देत होतो? देणे असेल तर ते पूर्ण होते आणि नसेल तर शून्य होते. निम्मे हे देणे नव्हतेच; ती माझ्या नऊ दिवसांच्या गप्प बसण्याची किंमत होती, आणि तीही मीच ठरवलेली.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. ह्या वेळी पूर्ण रकमेचा चेक होता. पण तो देण्यापूर्वी त्या नऊ दिवसांचे सांगून टाकले. तो पावतीपुस्तक शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "ते माहीत होतं मला. काकू बोलल्या होत्या."

"माहीत होतं? मग त्या सासूबाईंना का चढवलंत?"

"तुम्ही नाही म्हणत नाही तोवर माझं काम चालू. आणि त्यांचं कर्ज अडकलं असतं, तर माझी पार्टी तयार नको?"

ह्यावर मला बोलता आले नाही. मी त्याला नऊ दिवस फसवत होतो, आणि तो नऊ दिवस माझ्या फसवणुकीच्या बाजूने अंदाज बांधत होता! मी विचारले, की भाच्याकडेही तुम्ही मागणार का? त्याचेही दोन टक्के वाचले आहेत. त्याने मान हलवली. "ते कुठं मला काही बोलले होते? बोललात तुम्ही." अगदी बहिणीचेच वाक्य. पावतीवर त्याने 'दलालीपोटी' असे स्वच्छ अक्षरात लिहिले आणि खाली सही केली.

आमच्या घरात ह्या गोष्टीवर अजून एकमत नाही. हिचे म्हणणे, मी ते पैसे दलालाला दिले नाहीत, माझ्या झोपेला दिले. आणि झोपेसाठी सव्वा लाख फार होतात. ह्यात तथ्य नाही असे मला म्हणवत नाही. मीही कधी रात्री हिशेब मांडतो तेव्हा वाटते, त्या माणसाने माझ्या 'बघू या'चा अर्थ आपल्या सोयीने घेतला आणि मी माझ्या. मग त्याचाच अर्थ शेवटी का चालावा? मग जिना आठवतो, सासूबाई आठवतात, आणि हिशेब तेथेच राहतो.

गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. त्यांनाही आता जिना होत नाही. घर विकून मुलाकडे जायचे म्हणतात. एजंटाचा नंबर हवा होता. दिला.

"घेतो किती?" त्यांनी विचारले.

"दोन टक्के."

"आणि समजा, मीच कोणी ओळखीचं आणलं तर?"

"ते त्याला पहिल्याच दिवशी विचारा," मी म्हणालो, "आणि बघू या म्हणू नका."